पाहुण्यांच्या सोफ्याची हकीकत

श्री. प्रथम नमन गवतास, जे जन्मभर तुडविले जाते आणि कोणाविषयी मनात काही न ठेविता पुनः उभे राहते. दुसरे नमन सावलीस, जी धनी-चाकर पाहत नाही. तिसरे नमन शिट्टीस, जिच्यावाचून खेळ सुरू होत नाही आणि भांडण मिटत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी, या राज्यातील एका पेठेत जे वर्तमान घडले, त्याविषयी पेठकरी मंडळींनी म्हणितले की, हे कोणीतरी लिहून ठेवावे, न ठेविल्यास पुढे जो तो आपणच जिंकलो ऐसे सांगेल. सबब लेखकाने जैसे देखिले तैसे लिहिले आहे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु हकीकत लोभाची आहे. राज्याचे नाव घातले नाही, कारण ज्यास त्यास ते आपलेच वाटेल.

या राज्यात विद्येचे एक थोर संस्थान होते, त्यास विद्यापीठ म्हणत. तेथे वैद्यकी शिकणारांची इमारत उंच होती आणि यंत्रविद्येची त्याहून उंच होती आणि हिशेबविद्येच्या इमारतीस तर काचेचे दरवाजे होते, जे आपोआप उघडत आणि कित्येकदा उघडत नसत. या सर्वांच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, पत्र्याच्या छपराखाली एक खाते होते, त्याचे नाव उद्यान, विरंगुळा व शरीरस्वास्थ्य. तेथील विद्या ऐसी की, बागेतील बाक कोठे मांडावा म्हणजे संध्याकाळी त्यावर सावली येते, आणि घसरगुंडीचे तोंड कोणत्या दिशेस नसावे म्हणजे दुपारी पोरांस चटका बसत नाही, आणि साठीच्या माणसास गुडघे न दुखविता कैसे पळवावे, आणि चार अनोळखी माणसे एका खेळास कैसी लावावी, हे सर्व शास्त्राने शिकवीत. इतर विद्यांचे लोक यांस हसत. यंत्रवाले म्हणत, हे झोके घेण्याची पदवी घेतात. त्यात हसणारांचाही अगदीच दोष नव्हता, कारण या खात्याचे विद्यार्थी ग्रंथालयाचा जिना चढावयाचा तरी आधी पायथ्याशी उभे राहून पोटऱ्या ताणून घेत आणि मग वर जात, आणि मागे वैद्यकीवाले खोळंबून राहत. खात्याचे मुख्य आचार्य केळुसकर, वय साठीस टेकलेले, गळ्यात शिट्टी अष्टौप्रहर. लग्नात बोहल्यावरही ती होती ऐसे सांगतात. त्यांचे एक वचन शिष्यांस पाठ असे, ते हे की, “माणूस खेळायचं विसरत नाही. त्याला कोणी बोलावत नाही, इतकंच.”

या खात्यात तिसऱ्या वर्षास शर्वरी फडतरे नामे मुलगी होती. अंगाने सडपातळ, बोलण्यास मोजकी, परंतु एकदा मनात घेतले की ब्रह्मदेव आला तरी न सोडणारी. हा गुण बापाकडून आला ऐसे आई म्हणे, आणि बाप म्हणे आईकडून आला. तिचा बाप हणमंतराव फडतरे हे पेठेतील मोठे प्रस्थ. पेठेचे जे धनी, म्हणजे निवडणुकीत उभे राहतात ते, त्यांचे हे उजवे हात, आणि कोणी थोर पुरुष पेठेत यावयाचा जाहला की त्याचे स्वागत हे हणमंतरावांचे वतन. मग मांडव, बँड, हार, शाल, नारळ, फेटे, आणि मध्यभागी पाहुण्यांसाठी लाल मखमलीचा सोफा, पाठीवर पांढरा टॉवेल घातलेला, ही सर्व सिद्धता ते अशी करीत की शेजारच्या पेठेतील लोक पाहून जळत. आजवर कितीक मंत्री, महंत आणि एक कुस्तीगीर त्या सोफ्यावर बसविले, परंतु खासे स्वतः कोणत्याही समारंभात खुर्चीस टेकले नाहीत. उभ्याने चहा घेत, उभ्याने जेवीत, सोफ्यामागे हात बांधून उभे राहत आणि पाहुणा गेला की तोच सोफा एका बाजूने स्वतः उचलून टेम्पोत घालीत. ऐसा पुरुष, परंतु पानटपरीवर कोणी पुसिले की, हणमंतराव, पोरगी काय शिकते, की ‘बाग’ हा शब्द त्यांच्या ओठावर येईना. मग ते सुपारी चघळत म्हणत, मॅनेजमेंट. शर्वरीने हे एकदा टपरीमागून जाता ऐकिले आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्या चहात साखर कमी पडत गेली.

आता तंट्याचे कारण ऐसे की, शर्वरीच्या मनात याच विद्येची पुढील दोन वर्षे करावी आणि आचार्यांच्या पदरी राहावे, आणि हणमंतरावांनी धन्यांकडे शब्द टाकून तिच्यासाठी पतपेढीत कारकुनाची जागा सिद्ध केली होती. ते म्हणत, टेबल आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, माणसास आणखी काय पाहिजे. ती म्हणे, मला झाड पाहिजे. दोन्हीकडील तोफा कित्येक दिवस धडधडत होत्या आणि घरात आमटी बिघडू लागली, तेव्हा आई रत्नमालाबाई मध्ये पडल्या आणि तह घडवून आणिला. तो ऐसा की, तिसऱ्या वर्षाची जी प्रात्यक्षिक परीक्षा आहे तीत शर्वरीने फत्ते केली तर पुढे शिकावे, आणि न केली तर मुकाट पतपेढीत रुजू व्हावे, त्यात उजर करू नये. परीक्षाही भारी अवघड होती. प्रत्येक विद्यार्थ्यास एक ओसाड बाग नेमून देत, आणि ठरल्या दिवशी परराज्यातून परीक्षक येऊन पाहत की त्या बागेत लोक आपल्या आनंदाने आले आहेत की नाही. नियम तीन होते: फर्मान नाही, लालूच नाही, नाश्ता नाही. तिसरा नियम नंतर घातला, कारण एका साली एका विद्यार्थ्याने गरम भजी वाटून बाग भरविली होती आणि परीक्षकांनीही खाल्ली होती. शर्वरीच्या वाट्यास चौकाजवळची बाग आली हे ऐकून हणमंतराव मोठ्याने हसले, कारण त्या बागेचे उद्घाटन त्यांनीच थाटात घडविले होते, आणि फीत कापली गेली त्या दिवसानंतर तेथे माणूस म्हणून बसला नव्हता.

त्या बागेत झाडे बरी होती, गवतही होते, परंतु पाट्या फार. गवतावर बसू नये. चेंडू खेळू नये. फुलांस हात लावू नये. मोठ्यांनी झोक्यावर बसू नये. एका पाटीवरील सगळी अक्षरे उडून फक्त ‘नये’ एवढे उरले होते, आणि लोक तिलाच अधिक भीत. सबब लोक बागेत येत ते एका फाटकाने शिरून दुसऱ्याने निघावयास, दूध डेअरीस जाण्याचा रस्ता जवळचा पडतो म्हणून. त्यांच्या पावलांनी गवतात दोन-तीन आडव्यातिडव्या वाटा पडल्या होत्या. शर्वरी महिनाभर झाडाखाली बसून त्या वाटा पाहत राहिली आणि तिने ऐसा मनसुबा केला की, लोक जेथून आपणहून चालतात तेथेच बाक, झोका आणि कॅरम मांडावा, म्हणजे दुधाला निघालेला माणूस घटकाभर थबकेल. मनसुबा शहाणपणाचा होता. हे सामान परीक्षकांसमोरच मांडावयाचे होते, परंतु त्यापूर्वी त्या वाटा त्यांस स्पष्ट दिसाव्या म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे ती आणि तिचा सहाध्यायी इम्रान तांबोळी, जो दोन पोती दोन काखांत घेऊन चालत असे, फक्की घेऊन बागेत दाखल जाहली. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिने मैदाने आखतात. या खात्याच्या लोकांस फक्की म्हणजे जीव की प्राण, यांस स्वयंपाकघर आखावयास दिले तरी आधी मध्यरेषा मारतील. तर त्या दोघांनी वाटांच्या दोन्ही कडांनी सरळ, ठसठशीत, पाहत राहावे ऐशा पांढऱ्या रेघा ओढिल्या, आणि वाटा रस्त्यास मिळत होत्या म्हणून रेघाही फाटकाबाहेर पार चौकापर्यंत नेल्या, आणि वळणावळणांवर मैदानावरची छोटी तांबडी निशाणे रोविली. मग लांबून पाहून दोघांस संतोष जाहला आणि हात झटकून ती विद्यापीठास निघून गेली. चूक ती येथे जाहली.

या राज्यात रस्त्याकडेला फक्की पडते ती एकाच कारणाने, थोर पुरुषाची स्वारी येणार म्हणून. हे लहान मूलही जाणते. दिवस उगवता दूधवाल्याने रेघा पाहिल्या आणि सायकलीवरून उतरला. पाठोपाठ इस्त्रीवाला आला, त्याने टेबल मागे सरकविले. मग भाजीवाली आली, तिने चिखलाचे पाय रेघेवर पडू नयेत म्हणून वळसा घेतला. कोण येणार, हे कोणी कोणास पुसिले नाही, कारण पुसावे तर आपणांस कळविले नाही हे उघड होते. उलट जो तो दुसऱ्यास सांगू लागला की मला तर कालच कळलं. त्यामुळे सकाळी जो नुसता साहेब होता तो दुपारी मंत्री जाहला आणि दिवेलागणीस त्याच्यासंगे एक नटीही आहे ऐसे ठरले. नगराच्या कचेरीतील साहेबांनी रेघा पाहून तर्क केला की हुकूम वरून, आपल्यास वगळून, सुटला आहे. ते घाबरले आणि त्यांनी झाडूवाल्यांची शिबंदी पाठविली. चौकातील कचऱ्याचा ढीग, जो इतका जुना होता की लोक पत्ता सांगताना त्याची खूण देत, तो उचलला गेला. मिटलेला दिवा लागला. आणि बागेतील पाट्या गंजलेल्या, थोरांनी पाहिल्यास नामुष्की, सबब त्या सर्व उपटून गोदामात टाकिल्या, ‘नये’ हीसुद्धा.

हणमंतरावांस हे वर्तमान सलूनच्या खुर्चीवर अर्धी दाढी जाहली असता कळले. तैसेच उठले, गालावरील फेस घेऊन चौकात आले आणि रेघा पाहून उभे राहिले. आपल्या पेठेत थोर स्वारी यावी आणि खबर आपणांस नसावी, याहून मोठा घाव त्यांस ठाऊक नव्हता. धन्यांस फोन लाविला तो बंद, कारण धनी राजधानीत कोणत्या तरी खलबतात होते. मग हणमंतरावांनी ताडिले की हे प्रतिपक्षाचे कारस्थान, स्वागताचा मान आपल्यापासून हिरावण्याचे. आणि त्यांनी मनात म्हणितले की, कोणी का येईना, परंतु या पेठेत हार पडेल तो माझ्या हातचा. मांडववाल्यास निरोप गेला, खुर्च्या आल्या, बँडवाले गुलाबमास्तर यांस सुपारी गेली, हाताएवढ्या जाडीचा हार सांगितला गेला, आणि लाल सोफा झटकून सिद्ध जाहला. घरी येऊन त्यांनी सदरा मागितला. रत्नमालाबाई सदरा आणावयास आत वळल्या तो त्यांची नजर दाराशी शर्वरीच्या चपलांवर गेली. पोरगी सकाळी चपला बदलून, बूट घालून गेली होती, आणि चपलांचे तळ फक्कीने पांढरे जाहले होते. सर्व त्यांच्या ध्यानी आले. सदऱ्यास कडक इस्त्री केली, आणि मग आपली ठेवणीतली हिरवी साडी काढून तीसही केली. शर्वरी उशिरा परतली तेव्हा बाप घरात नव्हता, आणि तो कोणाच्या तरी स्वागतास गेला असणार हे तिने नेहमीप्रमाणे धरून चालले.

दुसरे दिवशी दोन प्रहर उलटल्यावर आचार्य केळुसकर, शर्वरी, इम्रान आणि परराज्यातून आलेल्या परीक्षक डॉक्टर नगरकरबाई, चष्मा जाड, बोलणे थोडे, ऐसी चौघे पांढऱ्या मोटारीतून बागेशी आली. मोटार दिसताच गुलाबमास्तरांनी इशारत केली आणि बँड कडाडला, फटाक्यांची माळ सुटली, आणि बागेतील गर्दी, जी नव्या कपड्यांत खुर्च्यांवर, गवतावर, कठड्यांवर दाटीने बसली होती, ती उठून उभी राहिली. एका हातात हार आणि दुसऱ्या हातात माईक ऐसे हणमंतराव पुढे जाहले आणि माईक काखेत धरून मोटारीचे दार त्यांनी स्वतः उघडिले. आतून नगरकरबाई उतरल्या, त्यांस त्यांनी ओळखिले नाही, आणि पाठोपाठ आपली लेक उतरली, तीस ओळखिले. ते तैसेच उभे राहिले. नगरकरबाईंनी मांडव पाहिला, फेटे पाहिले, सोफा पाहिला आणि शर्वरीस पुसिले, “ही गर्दी तू जमवलीस?” बँड थांबला होता. शर्वरीने बागेकडे पाहिले, रेघांकडे पाहिले, आणि सर्व हिशेब तिच्या डोक्यात एका दमात लागला. बाग भरली होती. लोक माझ्या रेघांमुळे आले एवढे म्हणितले असते तर तेही खोटे नव्हते, परीक्षा होती, पुढील दोन वर्षे होती. आणि खरे बोलावे तर बाप समोर हार धरून उभा, सगळी पेठ पाहते आहे. मग ती बोलिली, “लोक माझ्यामुळं आले, पण चुकून आले. वाटा दिसाव्यात म्हणून फक्की मी मारली. यांना वाटलं, कोणी मोठं येणार आहे. कोणी येणार नाही, मॅडम.” हणमंतरावांच्या हातातील माईक चालूच होता, सबब हे चारी भोंग्यांतून साऱ्या पेठेने ऐकिले.

फुटलेल्या फटाक्याचा कागद उडत गेला. कोणी मागून म्हणितले, फडतऱ्यांना पोरीनंच मामा बनवलं. कोणी हसले. हणमंतरावांचा हात खाली आला आणि हार गुडघ्याशी लोंबू लागला, आणि ते पुरुषासारखे पुरुष, ज्यांनी मंत्र्यांच्या गर्दीत कधी डोळा मिटला नाही, ते पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. लेखकास त्या समयी फार वाईट वाटले, आणि ते लपविण्याचे कारण नाही. शर्वरी जवळ जाऊन हळू बोलिली, “आबा, बँडवाल्यांना जाऊ देऊ नका.” ते म्हणाले, “आणि माझा कुठला बँड वाजवायचा राहिलाय आता?” तिने त्यांच्या हातून माईक घेतला. या विद्येचा पहिला पाठ ऐसा की, लोकांपाशी काय नाही हे पाहू नये, काय आहे ते पाहावे. तर खुर्च्या होत्या, वाजंत्री होती, धुतलेली माणसे होती आणि कोणास कोठे जावयाचे नव्हते. ती म्हणाली, आलाच आहात तर संगीत खुर्ची खेळू या. इम्रानने खुर्च्या गोलाकार, पाठीस पाठ लावून मांडिल्या, त्याही सवयीने आधी फक्कीने वर्तुळ मारून. परंतु कोणी हलेना. पुरुष बायकांकडे पाहत, बायका एकमेकींकडे पाहत. पहिला गडी उभा करणे याहून कठीण काम या शास्त्रात नाही. आचार्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला, कारण परीक्षा शिष्येची होती. नगरकरबाईंनी घड्याळ पाहिले. फाटकाजवळची माणसे पिशव्या उचलू लागली.

तेव्हा बायकांच्या रांगेतून रत्नमालाबाई उठल्या. हिरव्या साडीचा पदर कमरेस खोचला, चपला काढून एका बाजूस ठेविल्या, आणि चालत येऊन रिंगणात एकट्याच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लाव रे गुलाब, बँड. लग्नाच्या आधी खेळले हुते. मग कुणी बोलवलंच न्हाई.” आचार्यांनी हे ऐकून शर्वरीकडे पाहिले आणि शर्वरीने खाली पाहिले. आणि मग बांध फुटावा तैसे जाहले. भाजीवाली आली, इस्त्रीवाला आला, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक काठी झाडास टेकून आले, कचेरीतील साहेब इकडेतिकडे पाहून आले. लेखकही गेला. लेखक पहिल्याच डावात बाद जाहला, सबब पुढील सर्व पाहावयास मोकळा होता. तिसऱ्या डावात एका खुर्चीवर अर्ध्या अंगाने नगरकरबाई दिसल्या आणि अर्ध्या अंगाने भाजीवाली, आणि बाई आत कधी शिरल्या हे कोणास कळले नाही. आचार्यांनी शिट्टी मारून बाईंस बाद दिले. त्या वाद घालू लागल्या की मी आधी टेकले होते, तरी आचार्यांनी निकाल फिरविला नाही, शिष्येची परीक्षा बाईंच्या हाती असताही फिरविला नाही. हणमंतराव सोफ्यामागे हात बांधून उभे होते. परंतु गर्दी धसमुसळी होऊ लागली, माणसे खुर्च्या ओढू लागली, आणि समारंभात गोंधळ त्यांस जन्मात साहवला नाही. हार सोफ्याच्या पाठीवर टाकून ते धावले आणि अंतर ठेवा, ढकलू नका, ऐसे ओरडत रिंगणाच्या कडेने लोकांबरोबर फिरू लागले, आणि फिरता फिरता बँड थांबला, सर्वांनी बैठक घेतली, आणि हणमंतरावांनी पाहिले तो तेही बसले होते. लोक ओरडले, आबा बसले. ते चटकन उठावयास गेले, परंतु शेजारून इस्त्रीवाल्याने धरून ठेविले की, उठू नका, उठलात तर बाद व्हाल. मग ते उठले नाहीत.

डावामागून डाव गेले आणि इम्रान एकेक खुर्ची काढीत गेला. शेवटी रिंगणात तिघे उरले, रत्नमालाबाई, हणमंतराव आणि मिठाईवाले शिवलालशेठ. शेठ मोठ्या वेगाने एका खुर्चीवर आले आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची चारी पायांनी पसरून भुईस मिळाली. शेठ बाद. उरलेल्या एका खुर्चीचाही पाय त्या धक्क्याने वाकलेला. आता बसावयास एकच वस्तू, तो लाल सोफा. इम्रानने तो एकट्याने उचलून वर्तुळात आणून ठेविला. हणमंतराव गडबडले आणि म्हणाले, “त्यो पाव्हण्यांचा हाय.” रत्नमालाबाई म्हणाल्या, “कोण पाव्हणं हाय हितं? चला.” गुलाबमास्तरांनी वाजविण्यास आरंभ केला आणि नवराबायको सोफ्याभोवती फिरू लागली, ती पदर खोचून आणि ते फेटा सावरीत, आणि मास्तर काही थांबेनात. लोक म्हणू लागले, थांबव की. मास्तर डोळे मिटून वाजवीतच राहिले, कारण त्यांसही ते संपू नये ऐसे वाटत असावे. मग एकदम थांबले. दोघेही एकाच क्षणी बसली, आणि सोफा दोघांचा असल्याने दोघेही मावली. कोण जिंकले, कोणास सांगता येईना. आचार्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजविता सोडून दिली.

उठावयास दोघेही तयार नव्हती. हणमंतरावांनी मखमलीवरून हात फिरविला आणि म्हणाले, “मऊ हाय की गं. एवढ्यांदा उचलला, कळलंच न्हाई.” मग बाईंनी सांगितले की पोरीच्या चपलेची फक्की आपण कालच पाहिली होती. ते म्हणाले, “मग बोलली का न्हाईस?” त्या म्हणाल्या, “बोलले असते तर सोफा आला असता का?” तोवर शर्वरी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की, आबा, तह बाग भरविण्याचा होता, आणि ही चुकून भरली, सबब मी पतपेढीत जाते, उजर करीत नाही. डोळे भरले होते, परंतु आवाज सरळ होता. हणमंतरावांनी नगरकरबाईंकडे पाहिले. बाई रुमालाने मान पुसत उभ्या होत्या आणि बाद दिल्याचा राग अद्याप गेला नव्हता. त्या म्हणाल्या, “लोक आले ते चुकीनं. कोणी येणार नाही हे कळल्यावरही थांबले, ते चुकीनं नाही. मी तेवढंच पाहायला आले होते.” मग हणमंतरावांनी सोफ्यावर सरकून जागा केली आणि लेकीस म्हणितले, “बस हितं. ऐकलंस न्हवं बाईंनी सांगितलेलं? तह मोडायची आपल्यात रीत न्हाई.” ती बसली. तिघांस सोफा अंमळ अपुरा पडला. हार कोणाच्या गळ्यात घालावा हे कोणी ठरविले नाही आणि तो पाठीवरच राहिला.

येणेप्रमाणे जाहले. फक्कीच्या रेघा पुढे वाऱ्याने आणि पावलांनी गेल्या, वाटा राहिल्या. त्यांच्या कडेने शर्वरीच्या सांगण्याप्रमाणे बाक आले आणि एक झोका मोठ्यांसाठी बांधला गेला. पाट्या गोदामातून परत आणाव्या ऐसा कागद कचेरीत फिरत आहे, परंतु साहेब संध्याकाळी खेळावयास येतात, त्यामुळे त्यावर सही होत नाही. शर्वरी पत्र्याच्या छपराखाली पुढील विद्या शिकते. हणमंतराव अद्याप थोरांची स्वागते करितात, परंतु चहा बसून घेतात. परवा टपरीवर एका परक्याने पुसिले, पोरगी काय शिकते. लेखक तेथे पान बांधून घेत होता. हणमंतरावांनी सुपारी गालात सारिली आणि म्हणाले, “बाग.” परका म्हणाला, बाग म्हणजे काय. ते म्हणाले, “संध्याकाळी ये, दावतो.” लेखकही रोज जातो आणि रोज पहिल्याच डावात बाद होतो. याहून अधिक पाहणे जाहल्यास पाहणारांनी बागेत यावे.